कोन्सूबायची माती

खाडीवर पूल नव्हता आणि गावाला वेळ कळायची ती फक्त देवळाच्या घंटेवरून, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. सोमाळ्याचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही देऊळच म्हणणार. कुणी नाक मुरडू नये.

त्या देवळाच्या पहिल्या पायरीवर चार शब्द कोरलेले आहेत. ‘माती दिली. माती द्यावी.’ पाय पडून पडून अक्षरं गुळगुळीत झालीत, पण बोट फिरवलं की अजून लागतात. सगळं भांडण त्या चार शब्दांचं.

ते शब्द कैतान पाटलाचे. गावात देवळाला जागा नव्हती, तेव्हा त्यानं आपली पानवेलीची अख्खी वाडी देऊन टाकली. कागद नको म्हणाला, दगड आणा म्हणाला. त्याची अट साधी होती. आम्ही देवळाला माती दिली, आता देवळानं गावच्या मेलेल्याला माती द्यावी. मेलेला कोणीही असो, नाही म्हणू नये. माणसाला माती देणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण पुढे परमुलखातले पाद्री आले. त्यांनी पुस्तकं ढीगभर वाचली होती, दगड मात्र उलटा वाचला. पाटलांच्या घरानं माती दिली आहे आणि पुढेही देत राहावी, असा त्यांनी अर्थ लावला. झालं! दर वर्षी सणाच्या आधी पाटलांच्या बायकांनी शेतातून पाट्या भरभरून माती आणायची आणि देवळाचं अंगण चोपून द्यायचं. तीन पिढ्या त्या घरानं डोक्यावरून माती वाहिली. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच मानेवर जू! याला काय म्हणावं? माझ्याकडे शब्द आहेत, पण समोर लेकरं बसली आहेत.

त्या घरची कोन्सूबाय. गावची सुईण. अडलेल्या बाईच्या नवऱ्याला ती असा दम भरी, की तो दाराबाहेर उभ्या उभ्या सगळ्या संतांची नावं घेई. आख्ख्या पंचक्रोशीशी ती भांडली होती, पण देवळाशी कधी नाही. सणाआधी तीही निमूट पाटी उचले. तिच्या आईनं तिला लहानपणीच सांगितलं होतं, "बाय, तो दगड आपल्याला नाय सांगत, त्यांना सांगतो." कोन्सूबायनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. तिथं ते बरीच वर्षं धुमसत राहिलं.

मग एका वैशाखात मिठागरावरून बोलावणं आलं. रोजीन नावाच्या मजुरणीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. भर दुपारची वेळ, चहूकडे मीठ, डोळे उघडवत नव्हते. झोपडीतला गोड्या पाण्याचा रांजण सकाळीच फुटलेला. कोन्सूबायनं रोजीनला प्यायला वाटेत एक शहाळं घेतलं होतं, तेवढंच काय ते जवळ.

मुलगी झाली. इवलीशी, निळी पडलेली. ती जगणार नाही हे कोन्सूबायच्या हातांना कळलं. अशा वेळी सुईणीनं बावतिस द्यायचा असतो, म्हणजे कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा करायचा, ही तर देवळाचीच शिकवण. कोन्सूबायनं कोयत्यानं शहाळं फोडलं आणि त्याचं पाणी लेकराच्या कपाळावर घातलं. नाव ठेवलं आन्ना. आन्नानं एकदा डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि मिटले.

रोजीन रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, हिला देवळात माती मिळंल ना?"

"मिळंल म्हंजे? आमच्या आज्याचा शबूद हाय," कोन्सूबाय म्हणाली.

दोघी लेकराला घेऊन देवळाशी आल्या. तेव्हा जो पाद्री होता, त्याचं नाव सोमाळ्यात कुणाला माहीत नाही. विसरलं असं नव्हे, गावानं ते ठरवून टाकून दिलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कशाचं होतं?"

"शहाल्याचं."

"म्हणजे पाणी नव्हेच ते. फळाचा रस. बावतिस झालेला नाही. मूल आवाराच्या भिंतीबाहेर पुरा."

"पाद्रीबाबा, रांजण फुटलेला. पोरीचा जीव निसटत व्हता. मग काय खाडीचं खारं पानी घालू?"

"खाडीचं चाललं असतं," पाद्री म्हणाला.

ऐकलंत? ज्या पाण्यानं शेत जळतं ते चाललं असतं, आणि देवानं झाडाच्या शेंड्यावर झाकून ठेवलेलं गोड पाणी चालत नाही! हे सांगताना माझंच डोकं फिरतं, तर कोन्सूबायचं काय झालं असेल?

पण ती ओरडली नाही. तिनं रोजीनला भिंतीबाहेर भेंडीच्या मोठ्या झाडाच्या सावलीत बसवलं. लेकरू आईच्या मांडीवर, लुगड्याच्या पदरात. मग ती घरी गेली, फावडं आणि पाटी घेऊन आली आणि पदर खोचून देवळाच्या दारातच खणायला लागली.

पाद्री धावत आला. "हे काय चाललंय?"

"आमची माती परत नेते," कोन्सूबाय म्हणाली. "माझ्या आयेनं वाहिलेली, आजीनं वाहिलेली, सगली. लेकरू मातीपाशी येऊ शकत नाय ना? मग माती लेकरापाशी जाईल."

पाटी भरायची, भिंतीबाहेर न्यायची, रोजीनच्या भोवती ओतायची, पुन्हा यायचं. पहिल्या दिवशी ती एकटी होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया आपापल्या पाट्या घेऊन आल्या. त्यातल्या अर्ध्या अधिक जणींची बाळंतपणं तिनंच केलेली होती. असं म्हणतात की भेंडीची सावली ते तीन दिवस जागची हलली नाही. ऊन फिरलं, सावली नाही. लेकरू नुकतंच झोपल्यासारखं राहिलं.

आणि असं म्हणतात की घंटा वाजवली की टोल पडायचाच नाही, ढेकूळ पडल्यासारखा नुसता धप्प आवाज यायचा. आणि असंही म्हणतात की पहिल्या दिवशी जेवायला बसल्यावर पाद्रीच्या तोंडात पहिला घास गेला, तो मातीचा लागला. भात माती. मासळी माती. तो पाणी प्यायला, तर तेही गढूळ होऊन घशात अडकलं. आपल्याकडे रागानं म्हणतातच ना, तुझ्या तोंडात माती पडो. कोन्सूबायनं तसं म्हटलं नव्हतं. तिला म्हणावंच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाद्री भिंतीला धरत धरत अंगणात आला. तोवर दारापुढे कंबरभर खड्डा पडला होता आणि खणणं आवाराच्या कडेपर्यंत पोचून भेंडीकडची भिंत पायातली माती गेल्यानं कलली होती. त्याचे ओठ फुटले होते. तीन दिवसांत त्याच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. तो खड्ड्याच्या काठाशी मटकन बसला.

कोन्सूबाय खड्ड्यातून वर आली. हात मातीनं माखलेले. एका बाईनं तिच्यासाठी आणलेलं शहाळं तिनं घेतलं, फोडलं आणि स्वतः न पिता त्याच्या हातात दिलं. राग होता, पण तान्हेल्याला तिनं कधी तसंच ठेवलं नव्हतं. पाद्रीनं शहाळं तोंडाला लावलं. गोड लागलं. घटाघटा सगळं प्यायला, डोळे मिटले आणि पुटपुटला, "देवा, पाणी!"

सगळ्या बायांच्या पाट्या जिथल्या तिथं थांबल्या.

"काय प्यालात, पाद्रीबाबा?" कोन्सूबायनं विचारलं.

पाद्रीनं डोळे उघडले. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

"मोठ्यानं सांगा. तिच्या आईला ऐकू जाऊ दे. काय प्यालात?"

त्यानं हातातलं रिकामं शहाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पाणी."

त्याच क्षणी कललेली भिंत कोसळली, बाहेरच्या बाजूला, कुणाला खडाही न लागता. भेंडीचं झाड, रोजीन आणि आन्ना देवळाच्या आवारात आली. पाद्री उठला, भेंडीखाली गेला आणि त्यानं आपल्या हातांनी लेकराला माती दिली. घंटा कुणी न ओढता वाजली. रोजीन तेव्हा रडली. आणि भेंडीची सावली हलली.

ती भिंत तिथं पुन्हा बांधली नाही. ज्यांचा धर्म कुणाला ठाऊक नव्हता असे खाडीतून वाहून आलेले, विहिरीत उडी टाकलेल्या लेकीसुना, जन्मताच गेलेली बाळं, सगळे त्याच आवारात आहेत. पाटलांच्या घरानं त्यानंतर एक पाटीही वाहिली नाही. आता सणाआधी पाद्रीच आपल्या डोक्यावर पाटीभर माती घेतो आणि आन्नाच्या भेंडीखाली ओततो.

नवा पाद्री आला, की त्याला आधी त्या दगडी पायरीवर अनवाणी उभं करतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला शहाळं देते आणि तो प्यायला की विचारते, "काय प्यालात?" त्यानं "पाणी" म्हटलं की देवळाची किल्ली त्याच्या हातात पडते. एकजण हसून "सरबत" म्हणाला होता. त्याला ऊन कलेपर्यंत तिथंच उभा ठेवला आणि पुन्हा विचारलं.

कोन्सूबायचं फावडं देवळाच्या दारामागे टांगलेलं आहे. पातं तेच, तिच्या हातचं. दांडा मात्र दर वर्षी नवा बसवतात आणि ओढून बघतात, पक्का बसलाय ना म्हणून. परगावचा पाहुणा विचारतो, एवढ्या जुन्या फावड्याला नवा दांडा कशाला? तेव्हा सोमाळ्याच्या बाया पाद्रीकडे बघत सांगतात, "लागला तर हाताशी असावा."