अझेलिया आणि भरलेला तांब्या

एका डोंगराळ राज्याच्या राणीकडे अझेलियाचे बोन्साय होते. वीतभर उंचीचे, पसरट कुंडीत वाढवलेले. ते तिच्या आईच्या हातचे, आणि आईची तेवढीच खूण आता उरली होती. वसंतात त्यावर इतकी गुलाबी फुले येत, की पाने शोधावी लागत.

राणीचा त्या झाडावर जीव आहे, हे दरबाराला चटकन कळले. इतर गोष्टी कळायला दरबाराला वेळ लागे. एका सरदाराने सकाळी झाडाला तांब्याभर पाणी घातले. ते पाहून दुसऱ्याने मोठा तांब्या आणला. तिसऱ्याने चांदीचा आणला. हळूहळू प्रथाच पडली: आधी झाडाला पाणी, मग राणीला मुजरा.

एक म्हातारा सरदार मात्र रोज मातीत बोट खुपसून बघे, मान हलवी आणि भरलेला तांब्या तसाच घरी नेई.

हिवाळ्यात झाडाने कळ्या धरल्या, पण पाने पिवळी पडून गळू लागली. दरबार खवळला.

"राणीसाहेब, आम्ही सगळ्यांनी पाणी घातलं," प्रधान म्हाताऱ्या सरदाराकडे बोट दाखवत म्हणाला. "यांनी एक थेंबही नाही! झाड यांच्यामुळे वाळलं. यांना हद्दपार करा."

"का घातलं नाहीत?" राणीने म्हाताऱ्याला विचारले.

"माती ओली होती, राणीसाहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. प्रधानजी म्हणाले, म्हाताऱ्याला तांब्या उचलवत नाही."

दरबार हसला. राणी हसली नाही.

"झाड कुंडीतून काढून पाहा," म्हातारा म्हणाला. "मुळं धडधाकट असली, तर मी आजच वेस ओलांडतो."

राणीने स्वतःच्या हाताने झाड बाहेर काढले. मुळे काळी पडून बुळबुळीत झाली होती. प्रधानाने नाकाला शेला लावला.

"वाचेल?" राणीने हळूच विचारले.

"वाचेल. कुजलेली मुळं कापू, पाणी झरून जाईल अशा भरड मातीत लावू, सावलीत ठेवू. पण कळ्या सगळ्या खुडायला हव्यात. आजारी माणसाला वरातीत नाचवू नये."

"अहो, वसंतोत्सवाला शेजारचे राजे येणार!" प्रधान ओरडला. "त्यांना काय काड्या दाखवायच्या?"

राणीने झाडाकडे पाहिले. कळ्यांच्या टोकांवर गुलाबी रंग दिसू लागला होता. मग तिनेच पहिली कळी खुडली.

उत्सवाला राजे आले. काड्या पाहून एकाने विचारले, "हे सरपण आहे का?" राणीने त्याला आणखी एक लाडू वाढला.

पुढच्या वसंतात पाने पुन्हा शोधावी लागली.

फुले कोमेजल्यावर राणी दरबाराला म्हणाली, "आता सुकलेली फुलं एकेक करून खुडायची आहेत. ठेवली तर झाडाची ताकद बियांत जाते. कोण येतं?"

निम्म्या दरबाराची कंबर धरली. उरलेल्यांच्या घरी अचानक पाहुणे आले. म्हातारा सरदार तेवढा बाह्या सारून राणीशेजारी बसला.

"आणि मुजऱ्याआधी पाणी घालायला जे अजूनही बाहेर तांबे घेऊन उभे आहेत, त्यांचं काय?" त्याने विचारले.

"भिंतीपलीकडच्या वडाला घालायला सांगितलंय," राणी म्हणाली. "त्याला भक्तीची सवय आहे."

तात्पर्य: माया करायची तर आधी मातीत बोट घालून पाहावे; तांब्या उपडा करणे कोणालाही जमते.