उंचावरून काढलेली माणसे

एकदा एक जिल्हा न्यायाधीश निवृत्त झाले आणि व्यंगचित्रकार व्हायला निघाले. न्यायासनावर असताना, लांबलेल्या युक्तिवादांच्या वेळी, ते रद्दी कागदांवर वकिलांची नाके काढीत असत. नाके उत्तम येत. निवृत्तीनंतर लवादाची कामे दारापर्यंत चालत आली, ती त्यांनी परत पाठवली.

पत्नी म्हणाली, "अहो, या वयात लोक तुम्हाला हसतील."

"हसायलाच हवेत. नाहीतर धंदा बुडाला म्हणायचा."

त्या शहरातल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, एक वृद्ध चित्रकार कित्येक वर्षे रोज एक छोटे चित्र काढीत आले होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. आता त्यांचा हात कापू लागला होता. संपादकांनी वारस निवडायचे काम त्यांच्यावरच सोपवले होते. न्यायाधीश त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. अण्णा म्हणाले, "पाडव्यापर्यंत काढून दाखवा, साहेब. जमलं तर कोपरा तुमचा. नाही जमलं तर तोंडावर सांगेन."

न्यायाधीश रोज काढू लागले. रेषा सुबक, सावल्या जागच्या जागी. खालचा मजकूर तेवढा निकालपत्रासारखा लांबे. एकदा तर त्यात 'तथापि' आले. वर्तमानपत्राच्या कचेरीतली माणसे चित्र हातात घेत, 'छान' म्हणत आणि परत करीत. नव्या सुनेच्या पहिल्या आमटीला घरचे ज्या सुरात 'छान' म्हणतात, अगदी त्याच सुरात. हसत मात्र कोणीच नसे. न्यायाधीशांना साक्षीदारांचे सूर ओळखण्याची सवय होती. त्यामुळे हाही सूर त्यांनी ओळखला, आणि त्यांची झोप उडाली. लवाद सोडला होता, मित्रांना सांगून झाले होते. कोपरा मिळाला नाही, तर उरलेले आयुष्य 'माजी' या एका शब्दावर काढावे लागणार होते.

पाडवा जवळ आला. अण्णांनी त्यांची सारी चित्रे टेबलावर पसरली, बराच वेळ पाहिली आणि चष्मा काढून म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत पाणी येत नाही. पालिकेत जाऊन तेवढी तक्रार नोंदवून या."

"मी?"

"तुम्हीच. अट एकच. आधी काय होता, ते तिथं सांगायचं नाही."

"आणि चित्रांचं काय?"

"आधी पाण्याचं बघा."

ज्याच्या एका हाकेला शिपाई धावत, त्या माणसाला हे गड्याचे काम वाटले. अपमान गिळून ते पालिकेत गेले आणि रांगेत उभे राहिले.

तिथल्या काचेला बोलण्यासाठी एकच भोक होते, आणि तेही कमरेच्या उंचीवर.

"जरा वाकून बोला हो काका, ऐकू येत नाही," आतून कारकून बाई म्हणाल्या.

न्यायाधीश वाकले.

"अजून आत या," मागची एक बाई म्हणाली. "डोकं घातल्याशिवाय त्यांना पटतच नाही."

"बाहेर निघेल ना पण?" आणखी मागून कोणीतरी विचारले. सारी रांग हसली.

न्यायाधीशांनी डोके आत घातले. वर पाहिले, तर बाईंची हनुवटी, तोंडाला लावलेल्या चहाच्या बशीचा तळ आणि फिरणारा पंखा. पाणी कधी येईल असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या बघू." मग, "आपण कोण?"

उत्तर जिभेच्या टोकाशी आले. एका शब्दात खुर्ची मिळाली असती, कदाचित चहासुद्धा. 

"तक्रारदार," ते म्हणाले.

ते परतल्यावर अण्णांनी कोरा कागद पुढे सरकवला. न्यायाधीशांनी काढले: काचेच्या भोकात डोके अडकलेला एक म्हातारा, त्याच्या डोळ्यांना दिसणारी भली थोरली हनुवटी, आणि तिच्यावर आभाळाएवढी बशी. खाली मजकूर सुचला नाही, म्हणून लिहिला नाही. तेवढ्यात करवादलेले वृत्तसंपादक आत डोकावले, चित्राकडे पाहून थबकले आणि खदखदून हसले. "अहो, परवा मी अस्साच उभा होतो!"

ते गेल्यावर अण्णांनी न्यायाधीशांची जुनी चित्रे पुढे ओढली.

"आता ही पाहा. मंत्री, हवालदार, भाजीवाली. कोणाचं टक्कल दिसतंय, कोणाचा भांग. डोळे एकाचेही नाहीत. आयुष्यभर तुम्ही माणसं उंचावरून पाहिलीत. तो तुमचा दोष नाही. ज्याला निकाल द्यायचा, त्यानं वर बसायलाच हवं. पण आपल्या कोपऱ्यात निकाल लागत नाही, साहेब. इथं फक्त तक्रार नोंदवतात. उत्तर येतं, उद्या बघू. तरी उद्या पुन्हा नोंदवायची. वाचणारा हसतो, कारण त्याचीही मान तिथंच अडकलेली असते."

न्यायाधीशांनी एकेक चित्र पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांचं ते सगळं वाया?"

"वाया कशाला? वर बसलेल्याच्या मनात काय चालतं, ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तेच काढा. काढताना खाली उभे राहा, एवढंच."

पाडव्याच्या आदल्या दिवशी संपादक मोठ्या उत्साहाने आले. "उद्याच्या चित्राखाली 'निवृत्त जिल्हा न्यायाधीश' असं छापू या. वजन पडेल!"

"नको," न्यायाधीश म्हणाले.

"अहो, पण मग लोकांना कळणार कसं, कोण आहात ते?"

"त्यांना कळायची गरज नाही. ते कोण आहेत, हे मला कळलं म्हणजे झालं."

अण्णांनी मान वर केली नाही. फक्त बाकावर थोडे सरकून शेजारी जागा केली.