करडू दूध पीत नाही, काय करू?

"नव्या सुनेला ग्रुपात घ्या म्हणू नकोस. तीही येईल आणि तेच विचारेल!"

मामंजी हे सासूबाईंना सांगत होते. आत्याबाई म्हणते मी त्यांना. मी दाराबाहेर ताकाचा तांब्या घेऊन उभी! लग्नाला सव्वा महिना झालेला. अशा वेळी आत जायचं की परत फिरायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मी आत गेले.

मामंजी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. आठशे शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन, म्हणजे राजेच. आणि राजे रागावले होते. शेळ्या व्यायचे दिवस. रोज कुणीतरी विचारायचं, 'करडू दूध पीत नाही, काय करू?'

"चारशे वेळा सांगितलं!" मामंजी गरजले. "पुन्हा पुन्हा विचारणारे अकरा जण आहेत. आज सगळे बाहेर! पहिली ही पारूबाई खरात. दर वर्षी विचारते!"

"अहो, तिच्या दोनच शेळ्या," आत्याबाई म्हणाल्या. "एक आत्ताच व्यायलीय म्हणते. करडू दगावलं तर तिनं काय करायचं?"

"मग मी काय पोपट आहे? असं करा, आठ दिवस ग्रुप कुणीही चालवा. प्रत्येकाला उत्तर मिळालं पाहिजे. 'वर शोधा' म्हणायचं नाही. आणि एकाही माणसाने तेच उत्तर दोनदा द्यायचं नाही! जमलं तर अकराही राहतील. आहे कुणी?"

मी तांब्या खाली ठेवला आणि फोनसाठी हात पुढे केला.

"अगं, कळतंय का काय मागतेयस?" मागे उभे असलेले आमचे हे कुजबुजले. मी मान डोलावली.

ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'ज्याला उत्तर मिळेल, त्याने ते पुढच्या विचारणाऱ्याला द्यायचं. एकदाच. मग सुटका.' आदल्या दिवशी जतच्या बाजीराव मोट्यांनी हेच विचारलं होतं आणि मामंजींची बोलणी खाऊन उत्तर मिळवलं होतं. त्यांना म्हटलं, 'दादा, पारूबाईंना तुम्ही सांगा.'

बाजीरावांनी लगेच सांगितलं. सडाच्या तोंडाशी चिकाची गुठळी बसते, पहिल्या दोन धारा काढून टाका, करडाला गोणपाटाने पुसून ऊब द्या, मग सड तोंडात द्या. शेवटी, 'अडलं तर फोन करा, ताई.' इतकं गोड मामंजींनी कधी लिहिलं नव्हतं!

अर्ध्या तासात पारूबाईंचा फोटो आला. करडू कासेला लुचत होतं. शेपूट तेवढी हलल्यामुळे धूसर आली होती.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा विचारलं. आता पाळी पारूबाईंची. त्यांनी आवाजी निरोप धाडला. सगळं सांगून वर म्हणाल्या, "पर बाळा, आदी तुजं हात चुलीपाशी शेक! गार हात लागला की शेळी लाथ मारतीया!"

मामंजींनी ते दोनदा ऐकलं. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ते पुटपुटले.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी आत्याबाईंच्या फोनवरून तोच प्रश्न आला. आत्याबाई तर तेव्हा भाकऱ्या थापत होत्या! ग्रुपचा आकडा वाढावा म्हणून मामंजींनीच त्यांना त्यात घातलेलं. प्रश्नाला रीतसर उत्तर मिळालं. दुपारी सांगोल्याच्या एका बाईने खरोखरच विचारलं.

"आता पाळी कुणाची?" मामंजींनी मांडी थोपटली. "हिची! आणि हिने आजवर एक अक्षर टाइप केलेलं नाही. हरलीस, सूनबाई!"

मी माइकचं बटण दाबून फोन आत्याबाईंपुढे धरला. त्यांनी पदर सावरला आणि धारांपासून गोणपाटापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. वर "घाबरू नकोस गं," असंही.

मामंजींनी आ वासला. "तुला कसं येतं हे?"

"इतकी वर्षं ओरडून सांगत होतात ते कुणी ऐकलं? घरात मीच होते ना!"

 मामंजी असे हसले, असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अकराही राहतील! ॲडमिन आजपासून सूनबाई! आणि आपल्या गोठ्यातल्या पांढऱ्या शेळीची दोन्ही करडं तुझी!" पण हट्टी माणूस तो. हसता हसताच बोट उगारून म्हणाले, "तरी एक सांगतो, प्रश्न काही थांबला नाही हं!"

तेव्हा, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले,

"मामंजी, हा प्रश्न थांबला, तर शेळ्या व्यायच्या थांबल्या म्हणायचं!"