खोताच्या नाकावरची पाकळी

एकदा काय झालं, आवडाबाई अंगणात कोकमं वाळत घालत होती. रोजचंच ऊन, रोजचेच कावळे. तेवढ्यात शेजारची ठकीकाकू धावत आली. "आवडे, उद्या देवळात कौल! झरा कुणाचा, ते देवच सांगणार!"

आवडाबाईचा हात थांबला. परसातला झरा तिच्या नवऱ्यानं खणला होता. नवरा गेला आणि घरात झऱ्याची खळखळ तेवढी राहिली. मग गावचा खोत म्हणाला, झरा माझा. त्यानं झऱ्याच्या तोंडाशी दगड रचले. खळखळ बंद.

"देव खोताचंच ऐकेल गं," आवडाबाई म्हणाली. "त्याचे नैवेद्य केवढाले!"

"नैवेद्य खोताचा असेल. न्याय देवाचा," ठकीकाकू म्हणाली.

ही बातमी रानात कशी पोचली कोण जाणे! सकाळी बघावं तर आंबे-फणस मुळं उचलून देवळाशी आलेले, आणि समुद्र पायरीपर्यंत येऊन बसलेला. देव न्याय करणार म्हटल्यावर घरी कोण थांबतंय?

मग गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर झरा आवडाबाईचा, डावी पडली तर खोताचा. पण खोत लबाड, बरं का! त्यानं उजव्या खांद्याला आधीच फणसाचा चीक फासून ठेवला होता.

गुरवानं एकदा विचारलं. काहीच पडेना. दुसऱ्यांदा विचारलं. डावी पाकळी वाळून पापड झाली, तरी पडेना.

"देवाला डुलकी लागली काय रे?" खोत म्हणाला.

मग आवडाबाईनं हात जोडले. "देवा, माझं खोटं असेल तर तसं सांग. पण सांग एकदाचं."

आणि उजवी पाकळी सुटली, भिरभिरली, आणि थेट खोताच्या नाकावर जाऊन चिकटली! समुद्र खो खो हसला. झाडांनी टाळ्या पिटल्या.

खोतानं तेल चोळलं, पाकळी निघेना. राख चोळली, निघेना. मग मुकाट्यानं परसात गेला आणि स्वतःच्या हातांनी दगड काढले. पाणी खळखळलं. त्यानं तोंड धुतलं, तशी पाकळी अलगद सुटली.

"हलकं वाटलं हो, आवडाबाई," तो म्हणाला, आणि चक्क हसला.

तेव्हापासून अख्खी वाडी तिथं पाणी भरते. खोतसुद्धा. झाडं, समुद्र आपापल्या जागी जाऊन निजले. तुम्हीही मिटा बघू डोळे. आवडाबाई मात्र खळखळ ऐकत बसली ती बसलीच. देवापुढे नारळ ठेवायचा होता, तो राहूनच गेला.