लिंबाजीने पाडलेली भोकं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात लिंबाजी नावाचा एक सुतार राहायचा. गोष्ट काही राजाराणीच्या काळातली नाही बरं का. माणसं आभाळात चढून एकमेकांवर गोळ्या झाडायला लागली, त्यानंतरची आहे.

लिंबाजीच्या हाताला यश होतं. त्याने लाकडाचा बैल केला तर खरा बैल त्याला हुंगायला यायचा, असं लोक सांगायचे. सांगणाऱ्यांनी थोडी मीठमिरची लावली असेल, पण थोडीच. त्याची खरी करामत मात्र वेगळीच होती. नवीकोरी वस्तू तो वापरलेली करून दाखवायचा. जत्रेसाठी लाकडी तोफ केली, तर तिच्या तोंडाला काजळी फासायचा, चाकांना चिखल लावायचा. "ही तर लढून आलीय," असं कुणी म्हटलं की त्या दिवशी लिंबाजीला जेवण गोड लागायचं.

याच गावातला हणमंत लढाऊ विमान चालवायचा. युद्धात एकदा त्याचं विमान उडालं ते परत आलंच नाही. समुद्रावर ढगांत दिसेनासं झालं, एवढाच निरोप आला. ना विमान सापडलं, ना हणमंत. मागे राहिली त्याची म्हातारी आई, द्वारकाबाई. सारं गाव तिला मावशी म्हणायचं. ती खूप रडली आणि मग तिने मनाशी एक गोष्ट धरली, की पोर ढगात शिरलं आणि झोपल्यासारखं गेलं, त्याला काही दुखलंखुपलं नाही. एवढ्याच आधारावर ती सकाळी उठायची, भाकरी थापायची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची.

पुढे गावाने ठरवलं, की हणमंताच्या विमानाची मोठी प्रतिकृती करून चावडीसमोर उभी करायची. काम अर्थातच लिंबाजीकडे आलं, आणि त्यानेही जीव ओतला. हणमंताबरोबर उडालेल्यांना तो जाऊन भेटला, त्यांच्याकडचे फोटो पाहिले. तसलंच एक विमान दूरच्या विमानतळावर उभं होतं, तिथे परवानगी काढून त्याची मापं घेऊन आला. सागाचा सांगाडा उभा केला, त्यावर पत्रा मढवला, एकेक रिबिट जागच्या जागी ठोकला. बघणारे तोंडात बोट घालायचे. मावशीही रोज यायची, पंखाच्या सावलीत बसायची. "माझा हणमंत कुठे बसायचा, ते मला कधी कळलंच नव्हतं," ती म्हणायची. "तू दाखवलंस बाबा."

रंग देऊन झाला आणि लिंबाजीला चैन पडेना. विमान फारच कोरं दिसत होतं. लढाईचं विमान आणि लढाईच नाही! त्याने गिरमिट उचललं. पंखावर, कुशीवर, थेट पायलटच्या जागेपर्यंत त्याने गोळ्यांची भोकं पाडली. पत्र्याच्या कडा हातोडीने आत वळवल्या, भोवती काजळी चोळली. बघायला गाव लोटलं. सरपंच म्हणाले, "लिंबाजी, आता यात जान आली बघ."

मावशी त्या दिवशी सावलीत बसली नाही. भोकांवरून बोट फिरवत उभी राहिली. मग तिने विचारलं, "लिंबाजी, यातली कुठली लागली रे त्याला?"

"कुठली म्हणजे?"

"गोळी. ही बसायच्या जागेजवळची, हीच ना? तू त्याच्या दोस्तांना भेटलास. त्यांनी तुला सांगितलं असणार. म्हातारीला कशाला सांगा, म्हणून मला नाही सांगितलं."

"तसं नाही, मावशी," एवढंच लिंबाजी कसाबसा बोलला. तेवढ्यात कुणीतरी त्याची पाठ थोपटायला आलं आणि मावशी निघून गेली. उद्या सांगू, असं त्याने मनाला समजावलं. असला उद्या कधी लवकर उजाडतो का! शेजारीण सांगत आली, की मावशीने चूल पेटवणं सोडलंय. सारखं एकच विचारते, पोटात गोळी लागली तर माणूस किती वेळ तळमळतो?

तेव्हा लिंबाजी सरपंचांकडे गेला. "ती भोकं माझ्या मनाची आहेत. मी सगळ्यांना सांगून टाकतो."

"खुळा का काय तू?" सरपंच म्हणाले. "उद्घाटनाला सेनापती यायचेत. हुबेहूब विमान म्हणून गावोगाव डंका पिटलाय आपण. एक खोटं निघालं की लोक सगळंच खोटं म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारी विसरेल हळूहळू."

"आई विसरते होय, सरपंच?"

तो तडक मावशीच्या दारात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. गोळ्या लागल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही, काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, विमान उठून दिसावं म्हणून मी भोकं पाडली. त्याला वाटलं, आता मावशी शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग इतके दिवस मी त्याला तडफडताना बघतेय," ती म्हणाली, "ते मरण कुणाचं होतं रे?"

"बुजवतो, मावशी. आत्ताच बुजवतो."

"पत्र्यातली बुजतील. माझ्या डोळ्यांपुढची कशी बुजवणार?"

भर चावडीवर, सगळ्यांदेखत लिंबाजीने भोकांमध्ये लांबीचा लगदा भरला, घासून रंग चढवला. लोक कुजबुजले, काही हसलेही. सेनापती आले तेव्हा त्यांनी विमानाभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. जरा नवंच वाटतं, नाही?"

सरपंचांनी डोळे वटारले. पण लिंबाजी म्हणाला, "होय साहेब. उडालं तेव्हा असंच होतं. पुढे त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी ते दाखवलेलं नाही."

गर्दी पांगल्यावर मावशी पुढे आली. तिने चाकाला हात लावला. "हे खरं आहे?"

"खरं आहे, मावशी. माप घेऊन केलंय."

"आणि हा रंग?"

"तोही खरा."

"शेपटीवरचा आकडा?"

"खरा."

एकेक वस्तू विचारत ती विमानाभोवती फिरली आणि लिंबाजी उत्तरं देत तिच्या मागे मागे फिरला. पूर्वी तिने यातलं काही विचारलं नव्हतं. लिंबाजीने केलंय म्हणजे खरंच असणार, एवढं तिला पुरायचं.

तात्पर्य काय, तर जे ठाऊक नाही ती जागा कोरीच सोडावी. शंभर खऱ्यांच्या पंगतीत बसवलेलं एक खोटंही खऱ्याच्याच मानाने जेवून जातं. आणि दुसऱ्याच्या दुःखावर आपली नक्षी तर कधीच काढू नये.