आधी बस

“...मग बाबा, देशाचं गाणं म्हणून माझंच घ्यायचं ना?”

सोमदत्त कवीने विचारले. परक्या राजाची सत्ता नुकतीच उलथली होती. नव्या देशाला राष्ट्रगीत हवे होते, आणि नूरबाबा फकीर ज्या गाण्याला हो म्हणतील तेच घ्यायचे, असे पंचांनी ठरवले होते. सोमदत्त बाबांचा जुना शिष्य. आपल्या गाण्याविषयी त्याला काडीची शंका नव्हती. विचारायचे ते आपले रीत म्हणून.

बाबा ओट्यावर मेथी निवडत बसले होते.

“गा,” म्हणाले.

सोमदत्त गायला. खरे सांगायचे तर गाणे सुरेख होते. नद्या, डोंगर, वीर, सगळे जागच्या जागी.

“हे वाजताना कुणी बसून राहिला तर?” बाबांनी विचारले.

“बसेल कसा? तसा कायदाच करतोय आम्ही. उठला नाही की तुरुंग.”

“अस्सं...”

बाबांनी पुन्हा मेथी हाती घेतली. सोमदत्त पायरीवर टेकला. स्वारीला आता सत्काराचे हारतुरे दिसू लागले होते.

बाबा गुणगुणू लागले. हलकेच, काम करता करता कुणीही गुणगुणते तसे.

सोमदत्त ताडकन उभा राहिला. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, मान ताठ झाली.

सूर परक्या राजाच्या गाण्याचा होता.

ते त्याच्या उशिरा ध्यानात आले. याच गाण्याला उठले नाहीत म्हणून त्याच्या वडिलांना भर बाजारात फटके मारले होते. त्यातच ते गेले. त्या राजाचे नाव निघाले की सोमदत्त आजही थुंकत असे... आणि पाय मात्र त्याला न विचारताच उभे राहिले होते.

त्याने बसायचे म्हटले. गुडघे वाकेनात.

“बाबा... थांबा.”

बाबा गुणगुणतच राहिले.

“बाबा, हे मी नाही केलं...” त्याला रडू फुटले. स्वतःच्या पायांची इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

सूर थांबला. सोमदत्त उभाच होता.

“माझं गाणं...?” त्याने कसेबसे विचारले.

बाबांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“गाणं निवडू रे सावकाश. आधी तू बस.”