माईंचं अर्धं वाक्य

विषय : शिफारसपत्र मिळणेबाबत.

अर्जदार : डॉ. मुकुंद टेंभेकर, भाषाशास्त्रज्ञ, जपानमधल्या एका विद्यापीठात जाण्यास उत्सुक.

ज्यांच्याकडे अर्ज केला ते : रंगनाथशास्त्री डबीर, अर्जदाराचे गुरू, मुक्काम कोपरगाव.

सोबत : जाडजूड प्रबंध एक, पेढ्यांचा पुडा एक.

"मग जपानीत कोण कोणाच्या आधाराने उभा असतो म्हणालास?" पुडा न उघडताच गुरुजींनी विचारलं.

मुकुंद याच प्रश्नाची वाट बघत होता.

"प्रत्येक शब्दाला दुसऱ्या कुठल्यातरी शब्दाचा आधार लागतो, गुरुजी. एकटं क्रियापद तेवढं कोणाकडे जात नाही. बाकीचे सगळे त्याचे आश्रित. जपानी, कोरियन, तमिळ, आपली मराठी, सगळ्यांना लावून पाहिलं. बसतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना." हे नम्रपणे सांगायचं त्याने ठरवलं होतं. जमलं नाही.

"आणि हे तुझं क्रियापद येतं कधी?"

"जपानीत अगदी शेवटी. आपल्यासारखंच. तोवर बाकीचे ताटकळत उभे."

"आलंच नाही तर?"

मुकुंद हसला. "जपानी माणसं कितीदा मुद्दाम गाळतात. ऐकणारा मनातल्या मनात पुरं करून घेतो."

"आणि ऐकणारा तिथे नसला तर...?"

असं त्याला कुठल्याच परिषदेत कोणी विचारलं नव्हतं. परिषदांमध्ये अशा वेळी नेमकी जेवणाची घंटा होते.

गुरुजी उठले. कोनाड्यातला खडू आणून त्यांनी मुकुंदच्या हातात ठेवला. खांद्यावरच्या पंच्याने ओसरीची फरशी पुसली.

"तुझी माई गेली तेव्हा तू कोरियात होतास. शेवटचं बोलली ती तुझ्याबद्दल. लिही."

माई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. शिकत असताना मुकुंद सहा वर्षं त्यांच्या हातचं जेवला होता.

"मुकुंद आला की त्याला..." गुरुजींनी सांगितलं.

खडू थांबला.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

मुकुंदने वाक्याची मांडणी केली. हात सवयीचा होता. 'मुकुंद' गेला 'आला'च्या खाली. 'आला'पासून एक रेघ वर निघाली, 'त्याला'पासून दुसरी. दोन्ही जिथे मिळायच्या, तिथे नुसती फरशी होती.

त्याने तिथे 'वाढा' लिहिलं. माई दुसरं काय म्हणणार?

मग वाटलं, हे आपल्या सोयीचं झालं. पुसलं. 'रागवा' लिहिलं. माई रागवायच्या आणि लगेच ताटावर तूप वाढायच्या. म्हणजे तेही सोयीचंच. पुसलं.

'सांगा...' काय सांगा?

पुसून पुसून फरशी पांढरी झाली.

"तुम्ही तर जवळ होतात, गुरुजी. माईंच्या मनात काय होतं?"

"मी जवळच होतो. तिची नजर दाराकडे होती."

...

मुकुंद खडू धरून बसून राहिला. इतक्या भाषांतली क्रियापदं त्याला तोंडपाठ होती. माईंच्या आवाजातलं एक ऐकू यावं म्हणून त्याने डोळे मिटले. आवाज आला, पण तो 'त्याला'पाशी येऊन थांबला. पुन्हा आला, पुन्हा तिथेच थांबला.

आत फोन वाजला. गुरुजींनी जाऊन उचलला. जपानच्या त्या विद्यापीठाच्या मुंबईतल्या कचेरीतून कोणी बाई बोलत होत्या. आवाज खणखणीत होता, ओसरीपर्यंत पोचला. शिफारसपत्राचा आज शेवटचा दिवस आहे, शास्त्रीबुवा, पाठवताय ना?

मुकुंदने सगळं ऐकलं. तो उठला नाही.

गुरुजींनी दारातून एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"अर्ज पोचलाय, बाई," ते फोनमध्ये म्हणाले. "प्रलंबित आहे. अर्जदार अजून यायचे आहेत."